चालक-वाहकांचे लसीकरण : निर्णय नेमका कशावर ठरतो?

पहाटेच्या पहिल्या फेरीची बस आगारातून बाहेर पडते, तेव्हा आरोग्य केंद्राचे दार उघडलेले नसते. आणि रात्री शेवटची फेरी संपवून तीच बस परत येते, तेव्हा ते केव्हाच बंद झालेले असते. बसचालक, वाहक, फेरीबोटीवरील कर्मचारी, टॅक्सी व रिक्षाचालक, गोव्यातील मोटारसायकल पायलट यांच्या लसीकरणाचा विचार या साध्या वस्तुस्थितीपासून सुरू करावा लागतो. लस घ्यावी की नाही, हा निर्णय माणूस केवळ मनात घेत नाही. तो कामाच्या वेळापत्रकात, महिन्याच्या हिशेबात, सहकाऱ्यांच्या गप्पांत आणि घरातल्या सल्ल्यांत आकार घेतो. कोविड साथीच्या काळात हे जगभर दिसून आले. त्या अनुभवातून या व्यवसायातील लसीकरणाला चालना देणारे आणि अडसर ठरणारे घटक कोणते, याचा हा आढावा.

जोखीम किती मोठी होती?

वाहतूक कर्मचाऱ्याचे काम घरून होत नाही. बंद जागेत, तासन्‌तास, अनोळखी माणसांच्या सान्निध्यात ते करावे लागते. वाहक गर्दीतून वाट काढत प्रत्येक प्रवाशापर्यंत पोचतो, पैसे घेतो, तिकीट देतो. टॅक्सीचालक आणि त्याचा प्रवासी यांच्यात हातभराचेही अंतर नसते. मोटारसायकल पायलटच्या बाबतीत तर तेवढेही उरत नाही.

या जोखमीचे सर्वांत स्पष्ट मोजमाप इंग्लंडमध्ये झाले. तेथील राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने ९ मार्च ते २८ डिसेंबर २०२० या काळातील २० ते ६४ वयोगटातील कोविड मृत्यूंची व्यवसायनिहाय आकडेवारी प्रसिद्ध केली. सर्व पुरुषांचा मृत्युदर दर लाखामागे ३१.४ होता. बसचालकांमध्ये तो ७०.३, तर टॅक्सीचालकांमध्ये १०१.४ इतका आढळला. लंडनमधील बसचालकांच्या मृत्यूंचा स्वतंत्र अभ्यास युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या आरोग्य समता संस्थेने केला. मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत तेथील पुरुष बसचालकांचा मृत्युदर इंग्लंड व वेल्समधील त्याच वयाच्या इतर नोकरदार पुरुषांच्या साडेतीन पट होता, असे त्यातून दिसले.

या आकड्यांमागे केवळ संसर्गाची संधी नव्हती. दीर्घकाळ बसून काम, अनियमित जेवण, अपुरी झोप यांमुळे या व्यवसायात उच्च रक्तदाब, मधुमेह आणि लठ्ठपणा अधिक आढळतो, आणि हेच विकार कोविडला गंभीर वळण देतात. म्हणजे ज्याचा संपर्क जास्त, त्याचीच प्रकृतीही अधिक नाजूक, असा दुहेरी पेच येथे होता.

आपल्याकडे चित्र वेगळे नव्हते. मुंबईत २०२० च्या टाळेबंदीत लोकल गाड्या थांबल्या, तेव्हा परिचारिका, सफाई कामगार आणि पोलीस यांना कामावर पोचवण्याचे ओझे बेस्टच्या बसगाड्यांनी वाहिले. परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडण्याचे काम महाराष्ट्राच्या एसटीने केले. पुढे बेस्टच्या मदतीला जिल्ह्याजिल्ह्यांतून एसटीच्या गाड्या मुंबईत आणल्या गेल्या आणि परतलेल्या चालक-वाहकांपैकी अनेक जण बाधित निघाले.

'लसीला नकार' हा शब्द अपुरा का पडतो?

लस न घेतलेल्या माणसाकडे पाहून 'हा लसविरोधी' असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. अभ्यासक मात्र तसे करीत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने २०१४ मध्ये लसीविषयीच्या चालढकलीची तीन कारणे मांडली : विश्वासाचा अभाव, आजाराविषयीची बेफिकिरी आणि सोयीचा अभाव. २०१८ मध्ये संशोधकांनी ही मांडणी पाच घटकांपर्यंत वाढवली. विश्वास व बेफिकिरी कायम राहिली. सोयीच्या जागी प्रत्यक्ष अडथळे आले, आणि फायद्या-तोट्याचा हिशेब व समाजाप्रती जबाबदारीची जाणीव या दोन बाबींची भर पडली. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने चार भागांची चौकट स्वीकारली : माणसाला काय वाटते, त्याच्याभोवतीचे लोक काय म्हणतात, त्याची स्वतःची इच्छा किती आहे आणि व्यवहारात काय आडवे येते.

या चौकटीचा उपयोग असा की, चार वेगळ्या माणसांना एकच औषध दिले जात नाही. लसीची भीती वाटणाऱ्या चालकाला माहिती हवी असते. 'मला काय होणार?' म्हणणाऱ्याला जोखमीची जाणीव हवी असते. पण लस घ्यायची इच्छा असूनही रजा न मिळालेल्या वाहकाला कितीही पत्रके वाटली, तरी त्याचा उपयोग शून्य. वाहतूक व्यवसायात हा तिसरा प्रकार मोठा असतो आणि मोहिमा आखताना नेमका तोच नजरेआड होतो.

रांगेतला क्रमांक

भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले. प्रथम आरोग्य कर्मचारी आणि २ फेब्रुवारीपासून आघाडीवरील कर्मचारी असा क्रम होता. या दुसऱ्या गटात पोलीस, सशस्त्र दले, होमगार्ड, तुरुंग कर्मचारी, पालिका कामगार आणि महसूल कर्मचारी होते. राष्ट्रीय यादीत बसचालक आणि वाहक नव्हते. त्यांना सर्वसामान्य नागरिकांप्रमाणे वयाची पायरी येईपर्यंत थांबावे लागले. ४५ वर्षांवरील सर्वांना १ एप्रिल २०२१ पासून आणि १८ वर्षांवरील सर्वांना १ मेपासून लसीची परवानगी मिळाली. तोवर दुसरी लाट शिगेला पोचली होती.

राज्यांनी पुढे आपल्या परीने ही उणीव भरून काढली. गोव्यात जूनच्या आरंभी १८ ते ४४ वयोगटातील ज्या घटकांना प्राधान्य देण्यात आले, त्यांत स्तनदा माता, लहान मुलांचे पालक, दिव्यांग आणि दर्यावर्दी यांच्याबरोबर टॅक्सी व रिक्षाचालक आणि मोटारसायकल पायलट यांचाही समावेश होता. तेलंगणातही त्याच सुमारास अधिक संपर्कात येणारे गट निश्चित करून हैदराबादेत रिक्षा आणि टॅक्सीचालकांसाठी वेगळी मोहीम राबवण्यात आली.

प्राधान्याच्या यादीत नाव असणे ही केवळ प्रशासकीय बाब नसते. 'तुमचे काम अत्यावश्यक आहे' असे सांगून गाडी चालवायला लावायची आणि लस देण्याच्या वेळी 'तुम्ही सर्वसामान्य' म्हणायचे, यातील विसंगती कर्मचाऱ्याच्या मनात घर करते. नंतर तीच यंत्रणा लस घेण्याचा आग्रह धरू लागते, तेव्हा त्या आग्रहाचे वजन कमी झालेले असते. लवकर आणि सन्मानाने मिळालेला क्रमांक हा विश्वासाचा पहिला हप्ता असतो.

'मोफत' लसीची खरी किंमत

सरकारी केंद्रावरील लस मोफत होती. तरीही ती घेणाऱ्याला काही मोजावे लागत होते. हा खर्च कर्मचाऱ्याच्या नोकरीच्या प्रकारानुसार बदलत होता.

कदंब परिवहन महामंडळासारख्या संस्थेतील कायम चालकाला रजा असते, ठरलेली साप्ताहिक सुटी असते. त्याला पगार बुडण्याची भीती नसते. मात्र पाळीचा प्रश्न असतो. मुक्कामाची गाडी घेऊन संध्याकाळी गावोगाव जाणारा चालक दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी करूनच घरी परततो. केंद्राच्या वेळेत त्याला झोप तरी घ्यावी लागते किंवा रांगेत उभे तरी राहावे लागते.

बदली किंवा कंत्राटी कामगाराची गोष्ट निराळी. ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी दाम नाही. खासगी बसवरील चालक-वाहकाचे उत्पन्न दिवसाच्या मजुरीवर आणि अनेकदा त्या दिवशीच्या वसुलीवर अवलंबून असते. तो एक दिवस घरी राहिला, तर दुसरा कोणी त्याच्या जागी बसतो. उद्या ती जागा परत मिळेलच, याची खात्री नसते. गोव्यात प्रवासी वाहतुकीचा मोठा भाग खासगी बसगाड्यांवर चालतो, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रश्नाची व्याप्ती कळते. स्वतःची टॅक्सी असलेला चालक मालक असतो खरा. पण कर्जाचा हप्ता त्याच्यासाठी थांबत नाही.

आता साधा हिशेब करू. लस घेण्यासाठी जाणे, थांबणे आणि परतणे यात एक दिवस. दुसऱ्या दिवशी ताप, अंगदुखी, दंडात ठणका. हे परिणाम सौम्य आणि एक-दोन दिवसांत ओसरणारे असतात. पण ताप अंगात असताना चाळीस-पन्नास प्रवाशांची बस घाटातून चालवणे कोणालाच परवडणारे नाही. म्हणजे एका मात्रेमागे दोन दिवस, दोन मात्रांमागे चार. हातावर पोट असलेल्या वाहकासाठी मोफत लसीची किंमत चार दिवसांची कमाई ठरते. कार्यालयात बसून काम करणाऱ्याला ही किंमत जाणवत नाही, म्हणून धोरण आखणाऱ्यांनाही ती सहसा दिसत नाही.

ती दिसली, तेथे उपायही निघाले. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने मार्च २०२१ मध्ये कायदा करून प्रत्येक कर्मचाऱ्याला प्रत्येक मात्रेसाठी चार तासांपर्यंतची भरपगारी रजा दिली. भारतात ११ एप्रिल २०२१ पासून सुमारे शंभर पात्र व इच्छुक व्यक्ती असलेल्या कामाच्या ठिकाणी लसीकरण केंद्र सुरू करण्याची मुभा मिळाली. आगारात केंद्र उघडण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. लसीसाठी जाण्याचा वेळ त्याने वाचला. दुसऱ्या दिवशीच्या तापाचे काय करायचे, हा प्रश्न मात्र रजेच्या नियमांवरच सोपवला गेला. खासगी बसवाल्यांसाठी आणि पायलटांसाठी तर 'कामाचे ठिकाण' म्हणजे बसस्थानक किंवा नाका. त्यांच्यापर्यंत कार्यालयांसाठीची ही सवलत पोचणे अवघडच होते. गोव्यात पंचायत पातळीवर भरवलेल्या 'टीका उत्सव' शिबिरांनी ही दरी काही अंशी कमी केली, कारण शिबिर माणसाच्या वाड्याजवळ आले.

आणखी एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. मे २०२१ मधील संचारबंदीत रस्त्यावर प्रवासी नव्हते. चालकांकडे वेळ होता, तेव्हा तरुण वयोगटासाठी लसींचा तुटवडा होता. लस मुबलक झाली, तोवर गाड्या पुन्हा धावू लागल्या आणि वेळ संपला. पुरवठ्याचे वेळापत्रक आणि कामाचे वेळापत्रक एकमेकांशी जुळले नाही, तर अशीच चुकामूक होते.

नोंदणी, भाषा आणि मोबाइल

१८ ते ४४ वयोगटासाठी प्रारंभी को-विन संकेतस्थळावर आगाऊ वेळ घेणे बंधनकारक होते. लसीच्या वेळा काही मिनिटांत संपत असत. गाडी चालवणाऱ्या माणसाला त्या क्षणी मोबाइल हाती घेता येत नाही, घ्यायचाही नसतो. हे संकेतस्थळ सुरुवातीला केवळ इंग्रजीत होते. मराठीसह इतर भारतीय भाषांत ते जून २०२१ च्या आरंभी उपलब्ध झाले. सरकारी केंद्रांवर या वयोगटाची थेट नोंदणी २४ मेपासून मान्य झाली आणि २१ जूनपासून केंद्राने सर्व प्रौढांसाठी मोफत लसीकरणाची जबाबदारी घेतली. या दोन निर्णयांनी तंत्रज्ञानाचा अडसर बराचसा दूर केला.

भाषेचा मुद्दा सीमाभागात अधिक ठळक असतो. बेळगाव ते पणजी किंवा कोल्हापूर मार्गावरील चालक एका दिवसात दोन राज्यांच्या नियमांतून प्रवास करतो. एका बाजूला चाचणीचा दाखला, दुसऱ्या बाजूला प्रमाणपत्र, आणि नियम आठवड्यागणिक बदलणारे. अशा वेळी परिपत्रकाची भाषा कर्मचाऱ्याच्या रोजच्या बोलण्याची नसेल, तर त्यातला आशय कानगोष्टींतून पोचतो, आणि कानगोष्टीत आशयाचे रूप बदलते. राष्ट्रीय प्रमाणपत्र मात्र सर्वत्र ग्राह्य होते आणि दुसरी मात्रा कोणत्याही राज्यात घेता येत होती. फिरत्या माणसासाठी ही फार मोठी सोय होती. तिची माहिती तितक्याच जोमाने द्यायला हवी होती.

भीती : खरी किती, खोटी किती?

वाहनतळावरच्या गप्पांत लसीविषयी अनेक गोष्टी फिरत. लस घेतल्यावर दारू वर्ज्य, पुरुषत्व जाते, रक्तात गाठी होतात, झटका येतो. या सर्वांना एकाच तराजूत तोलणे चुकीचे ठरेल.

वंध्यत्वाच्या किंवा नपुंसकत्वाच्या भीतीला कोणताही वैज्ञानिक आधार नाही, हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून २०२१ मध्ये स्पष्ट केले. मद्यामुळे लस निष्प्रभ होते, यालाही पुरावा मिळालेला नाही. रक्ताच्या गाठींची गोष्ट मात्र पूर्णपणे काल्पनिक नव्हती. हा दुष्परिणाम अस्तित्वात होता, पण अत्यंत विरळ. भारतातील राष्ट्रीय समितीने मे २०२१ मध्ये ४९८ गंभीर घटनांची छाननी करून कोव्हिशील्डबाबत २६ संभाव्य प्रकरणे नोंदवली. हे प्रमाण दर दहा लाख मात्रांमागे ०.६१ इतके होते.

तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंचा संबंध लसीशी जोडला गेला, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील ४७ रुग्णालयांच्या आधारे १८ ते ४५ वयोगटाचा अभ्यास केला. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लसीने अशा मृत्यूची शक्यता वाढत नाही. उलट दोन मात्रा घेतलेल्यांत ती कमी आढळली. कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागलेले असणे, कुटुंबात आकस्मिक मृत्यूचा इतिहास, मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांत अतिमद्यपान किंवा अतिश्रम यांचा संबंध मात्र दिसून आला.

चालकाच्या मनातील भीतीला एक खास व्यावसायिक पदर असतो. त्याची उपजीविका त्याच्या शारीरिक पात्रतेवर अवलंबून असते. नजर, रक्तदाब, साखर यांतील एखादी गोष्ट बिघडली, तर स्टिअरिंग हातातून जाते. 'आधीच रक्तदाब आहे, लस सोसेल का?' हा त्याचा प्रश्न अज्ञानातून आलेला नसतो. नोकरीच्या काळजीतून आलेला असतो. त्याला 'अफवांवर विश्वास ठेवू नका' हे उत्तर पुरत नाही. 'रक्तदाब आणि मधुमेह असलेल्यांनाच कोविडचा धोका अधिक, म्हणून लस त्यांना अधिक गरजेची' हे समजावून सांगणारा डॉक्टर आगारात पाच मिनिटे भेटला, तर काम होते.

महिला वाहकांचा प्रश्न वेगळा होता. स्तनदा मातांना १९ मे २०२१ रोजी आणि गर्भवतींना २ जुलै २०२१ रोजी लसीची परवानगी मिळाली. तोपर्यंत 'घेऊ नका' असे सांगितलेल्या महिलांना नंतर 'अवश्य घ्या' म्हटले गेले. नव्या पुराव्यानुसार सल्ला बदलणे योग्यच. पण तो का बदलला, हे सांगितले नाही तर ऐकणाऱ्याच्या मनात संशय राहतो.

विश्वास कोणाच्या शब्दावर बसतो?

या प्रश्नाला मुंबईत सव्वाशे वर्षांपूर्वीचा इतिहास आहे. १८९६ च्या प्लेगनंतर वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. 'मी आधी घेतली' हे वाक्य कोणत्याही जाहिरातीपेक्षा प्रभावी असते, हे तेव्हाच दिसले. दुसरी बाजूही त्याच इतिहासात आहे. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचल्यानंतर १९ जण धनुर्वाताने दगावले आणि लोकांचा विश्वास डळमळला. प्लेगच्याच काळात रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची सक्तीने तपासणी होत असे. लसीचा आणि सरकारी बळजोरीचा संबंध लोकांच्या मनात तेव्हापासून जुळलेला आहे.

आजच्या आगारात 'मी आधी घेतली' असे म्हणणारा माणूस कोण, याला महत्त्व आहे. वरिष्ठ अधिकाऱ्यापेक्षा वीस वर्षे सोबत गाडी चालवणाऱ्या सहकाऱ्याचा शब्द जड असतो. कर्मचारी संघटनेचा पदाधिकारी, पायलटांच्या नाक्यावरचा ज्येष्ठ, टॅक्सी संघटनेचा अध्यक्ष यांनी पुढाकार घेतला की, इतर मागोमाग येतात. त्यांनीच शंका काढली, तर सारा नाका थबकतो. घरातले वातावरणही तितकेच परिणाम करते. म्हातारे आईवडील घरी असलेला चालक 'मी बाहेरून आजार घरी नेईन' या काळजीने लवकर पुढे येतो. पाच घटकांतील 'समाजाप्रती जबाबदारी' त्याच्यासाठी माजघरापासूनच सुरू होते.

प्रवाशांची नजर हाही एक घटक आहे. पर्यटनावर चालणाऱ्या गोव्यातील टॅक्सीचालकाला लसीचे प्रमाणपत्र म्हणजे धंद्याचा विश्वास वाटू शकतो. आरोग्याच्या कारणाने नसली, तरी रोजगाराच्या कारणाने लस घेतली जाते, आणि तिचे संरक्षण तितकेच खरे असते.

सक्तीचा प्रश्न

सक्तीने आकडा वाढतो का? काही काळ वाढतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. मेघालयात २०२१ मध्ये काही जिल्हा प्रशासनांनी दुकानदार, फेरीवाले आणि टॅक्सीचालकांना लस घेतल्याशिवाय व्यवसाय पुन्हा सुरू करण्यास मनाई केली. मेघालय उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये ही सक्ती अवैध ठरवली. मात्र न्यायालय तेथेच थांबले नाही. दुकानांनी, तसेच टॅक्सी, रिक्षा आणि बसगाड्यांनी चालक, वाहक व मदतनीस यांच्या लसीकरणाची स्थिती ठळक फलकावर लावावी, असा मध्यममार्ग त्याने सुचवला. निर्णय चालकाचा, माहितीचा अधिकार प्रवाशाचा.

महाराष्ट्राने २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाने सार्वजनिक वाहतूक पूर्ण लसीकरण झालेल्यांपुरती मर्यादित केली. कॅनडात टोरोंटो शहराच्या परिवहन संस्थेने त्याच महिन्यात कर्मचाऱ्यांना लस बंधनकारक केली आणि लस न घेतलेले चालक कामावर नसल्यामुळे काही फेऱ्या तात्पुरत्या कमी कराव्या लागल्या. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल प्रकरणात कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, हे अनुच्छेद २१ च्या आधारे स्पष्ट केले; त्याच वेळी सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणबद्ध निर्बंध घालण्याचा सरकारचा अधिकारही मान्य केला.

वाहतूक कर्मचाऱ्यांच्या बाबतीत सक्तीचा एक विशेष धोका आहे. ज्याला रजा मिळत नाही, त्याच्यावर दंड बसवला की अडथळा तसाच राहतो आणि वर रोष वाढतो. सोय उपलब्ध करून देण्याआधी सक्ती आणणे म्हणजे थांबा न ठेवता प्रवाशाला बस चुकल्याबद्दल दोष देण्यासारखे आहे.

पहिल्या मात्रेनंतरची घसरण

गोवा सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये सर्व पात्र नागरिकांना पहिली मात्रा दिल्याचे जाहीर केले. छोट्या राज्यासाठी ही मोठी कामगिरी होती. पण प्रत्येक पुढच्या मात्रेला उत्साह ओसरत जातो, हा सर्वत्रचा अनुभव आहे. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांतील अंतर १३ मे २०२१ रोजी १२ ते १६ आठवडे करण्यात आले. तीन महिन्यांनी, भर हंगामात, पुन्हा दोन दिवस काढणे चालकाला जड जाते. देशभर दुसरी मात्रा राहिलेल्यांसाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये 'हर घर दस्तक' मोहीम घ्यावी लागली, ती याच कारणाने.

तिसऱ्या, म्हणजे खबरदारीच्या मात्रेबाबत जुनीच चूक पुन्हा झाली. १० जानेवारी २०२२ पासून ती आरोग्य व आघाडीवरील कर्मचारी आणि ज्येष्ठांना मिळू लागली. इतर प्रौढांना १० एप्रिलपासून मुभा मिळाली, पण खासगी केंद्रांत पैसे मोजून. लसीची किंमत २२५ रुपये आणि सेवाशुल्क कमाल १५० रुपये. ती मोफत झाली १५ जुलैपासून, तीही ७५ दिवसांपुरती. तोवर साथीचे भय सरले होते आणि बेफिकिरीने आपली जागा घेतली होती.

पुढील साथीआधी काय करता येईल?

कोविडची निकड आज उरलेली नाही. पण या अनुभवातून निघालेली कामे आजही करता येण्याजोगी आहेत. त्यांपैकी बहुतेक खर्चिक नाहीत.

* प्राधान्य आधीच ठरवणे : साथीच्या काळात वाहतूक ही अत्यावश्यक सेवा मानायची असेल, तर चालक, वाहक, फेरीबोट कर्मचारी, टॅक्सीचालक आणि पायलट हे लसीच्या यादीत प्रारंभापासून असावेत.
* लसीची भरपगारी रजा : प्रत्येक मात्रेसाठी लसीचा दिवस आणि त्यानंतरचा एक दिवस. कंत्राटी व बदली कामगारांनाही ती लागू असावी. खासगी क्षेत्रात ती संघटना, मालक आणि वाहतूक खाते यांनी मिळून ठरवावी.
* पाळीनुसार शिबिर : आगारात सकाळची पाळी सुटण्याच्या आणि दुपारची सुरू होण्याच्या दरम्यान, तसेच बसस्थानकांवर रात्री. साप्ताहिक सुटीच्या आदल्या दिवशी लस दिली, तर ताप सुटीच्या दिवशी ओसरतो.
* नाक्यांचा नकाशा : खासगी बस, टॅक्सी आणि पायलट यांचे थांबे ठरलेले असतात. फिरते पथक तेथे पोचावे.
* आगारात डॉक्टर, व्यासपीठावर सहकारी : शंका विचारण्याची जागा आणि उत्तर देणारा ओळखीचा माणूस, दोन्ही हवेत. भाषा मराठी, कोकणी, कन्नड, हिंदी यांपैकी जी त्या आगारात बोलली जाते ती.
* दुष्परिणामांबाबत प्रामाणिकपणा : ताप येईल, हे आधी सांगितले की तो आल्यावर भीती वाटत नाही. विरळ दुष्परिणाम लपवले, तर पुढच्या लसीवरचा विश्वासही जातो.

साथ नसतानाही या व्यवसायाला लसींची गरज असते. कार्यशाळेत लोखंडाशी आणि ग्रीसशी झुंजणाऱ्या यांत्रिक कर्मचाऱ्याला धनुर्वातापासून संरक्षण हवे. दिवसभर गर्दीत वावरणाऱ्या वाहकाला इन्फ्लुएन्झाच्या लसीचा लाभ होतो. आपल्याकडे लसीकरण म्हणजे बाळाचे काम, अशी समजूत आहे. प्रौढांच्या लसीकरणाची सवय रुजलेली नाही. आगारातील वार्षिक वैद्यकीय तपासणीला या लसींची जोड दिली, तर ती सवय लागेल. मग उद्या नवी साथ आली, तेव्हा आगाराच्या अंगणात लसीचे टेबल दिसणे कोणालाच नवे वाटणार नाही.

वाहतूक कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाचा प्रश्न 'त्यांना पटवायचे कसे' इतकाच नाही. त्यांच्यातील बहुतेकांना पटवावे लागत नाही. त्यांना वेळ, पगार आणि खरी माहिती द्यावी लागते. जो माणूस पहाटे साडेपाचची बस वेळेवर सोडतो, त्याच्यासाठी लसही वेळेवर, त्याच्या थांब्यावर आली पाहिजे. त्या बसमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाचे हित त्यातच आहे.